लक्ष्मीकोठीची वाट

गडावरचा ताजा खड्डा लांबूनच ओळखू येतो. आजूबाजूचं गवत तसंच उभं असतं आणि मधेच कमरेइतकी माती उपसलेली असते. काठावर सुकलेलं लिंबू, गुलालाचा फिकट डाग, नारळाची करवंटी. मावळात फिरताना असे खड्डे मी पाहत आले आहे. कधी पडक्या वाड्याच्या जोत्यात, कधी टाक्याच्या कडेला, कधी वीरगळाच्या अगदी पायाशी. खड्डा दिसला की मी आधी शेजारचा दगड बघते. तिथे काहीतरी कोरलेलं असतंच. चंद्रसूर्य असतात, बाणासारखी एखादी रेघ असते, नाहीतर खडकावर दोन ओळींत पाडलेल्या वाटीएवढ्या खळग्या असतात. खोदणाऱ्याने ती खूण वाचली, तिचा आपल्या परीने अर्थ लावला आणि अमावास्येच्या रात्री कुदळ मारली.

गुप्तधनाचं एक सबंध शास्त्रच आपल्याकडे तोंडातोंडी चालत आलं आहे. पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातलं की त्याला जमिनीखालचा हंडा दिसतो. हंड्यावर नाग बसलेला असतो, तो आधीच्या मालकाचा जीव असतो. योग्य माणूस आला नाही तर मोहरांचे कोळसे होतात. आणि गडावर धन पुरणाऱ्याने जाता जाता दगडावर खूण करून ठेवलेली असते, ती ज्याला वाचता आली त्याचं नशीब उघडलं. लहानपणी हे ऐकताना अंगावर काटा यायचा. आजही हे सांगणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसमोर मी मांडी घालून बसते, कारण त्यांच्या सांगण्यात या डोंगरांचा धाक आणि माया दोन्ही असतात.

पण त्या खुणा? खडकावरच्या दोन ओळींतल्या खळग्या हा बहुतेक वेळा पटखेळ असतो, मंकळा. घाटमाथ्यावर जकात भरायला थांबलेले व्यापारी, लेण्यात पावसाळा काढणारे लोक, दरवाजावर पहाऱ्याला बसलेले गडकरी यांनी चिंचोके नाहीतर खडे घेऊन वेळ घालवायला तो कोरला. सह्याद्रीतल्या घाटवाटांवर, लेण्यांत, गडांच्या पायऱ्यांवर असे पट जागोजाग आहेत. खडकातली गोल किंवा चौकोनी भोकं लाकडी खांब रोवण्यासाठी पाडलेली असतात. त्यावर कधीकाळी छप्पर होतं, तट बांधणाऱ्यांची खोपटं होती. वीरगळावरचे चंद्रसूर्य सांगतात की ते आकाशात आहेत तोवर या वीराची कीर्ती राहील. आणि गधेगाळ, ज्याच्याखाली धन असतंच अशी सगळ्यात पक्की समजूत आहे, तो तर दानाचा दगड. शिलाहार आणि यादवांच्या काळात राजाने किंवा अधिकाऱ्याने जमीन दान दिली की असा दगड उभा राहायचा. वर चंद्रसूर्य, मधे लेख, खाली गाढवाचं ते शिवराळ चित्र, म्हणजे हे दान मोडणाऱ्याला दिलेला शाप. मोडू नका म्हणून ज्याने जीव तोडून सांगितलं, त्याचाच दगड उपटून आपण त्याखाली सोनं शोधतो. मला याचं फार वाईट वाटतं.

हे वेड एकट्या मावळाचं नाही. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, फिनिक्स शहराच्या पूर्वेला सुपरस्टिशन नावाची डोंगररांग आहे; उघडीबोडकी, निवडुंगांनी भरलेली, सुळक्यांची. तिथे मेक्सिकोतल्या पेराल्टा नावाच्या घराण्याची सोन्याची खाण होती आणि अपाची योद्ध्यांनी त्यांच्या माणसांना गाठून मारल्यावर तिचा ठावठिकाणा हरवला, अशी कथा आहे. पुढे याकोब वॉल्ट्झ नावाच्या जर्मन माणसाला ती सापडली म्हणतात. तो १८९१ साली वारला आणि गुपित त्याच्याबरोबर गेलं. मग १९४९च्या सुमारास त्या भागात कोरीव दगडांचा एक संच पुढे आला. त्यांवर घोडा, क्रूस घेतलेला पाद्री, वळत जाणारी वाट, आणि त्या वाटेच्या दगडातल्या खाचेत नेमका बसणारा, हृदयाच्या आकाराचा वेगळा दगड. त्यावर मोडक्यातोडक्या स्पॅनिशमधली वाक्यं. हा स्पॅनिश खजिन्याचा नकाशा आहे असं मानून माणसांनी आयुष्यं वेचली. ते दगड अलीकडचे आणि बनावट असावेत असं बहुतेक अभ्यासक सांगतात, तरी शोध थांबला नाही. दगडांच्या आधीपासूनही लोक त्या रांगेत मरत होतेच. १९३१ साली अडॉल्फ रूथ नावाचा म्हातारा गृहस्थ जुना नकाशा घेऊन आत शिरला. महिन्यांनी त्याची कवटी सापडली. १९८४पासून त्या अभयारण्यात खाणीचे नवे दावे बंद झाले आहेत. ते दगड आता संग्रहालयात आहेत आणि माणसं काचेपुढे उभी राहून अजून वाट जुळवतात.

मला त्या माणसांविषयी आपुलकी वाटते. डोंगरात एकटं हिंडताना एखादी रेघ दिसावी, ती कुणीतरी मुद्दाम आपल्यासाठी ओढली आहे असं वाटावं, ही ओढ मी ओळखते. लोहगडाच्या पायऱ्या चढताना ती मला दर वेळी होते. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा, अशी चार दारं वळणावळणाने ओलांडताना प्रत्येक कोपऱ्यावर वाटतं, आता पुढे काहीतरी आहे.

आणि लोहगडावर खरोखरच होतं. १६६५च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना हा किल्ला मोगलांना द्यावा लागला, १६७०मध्ये तो परत घेतला, आणि पुढे तो खजिना ठेवण्यासाठी वापरला गेला. सुरतेहून आणलेल्या संपत्तीतला वाटा नेताजी पालकरांनी इथे आणून ठेवला होता असंही सांगतात. महादरवाजातून वर आलं की पुढे डोंगरात खोदलेली लक्ष्मीकोठी लागते. आत एकाला लागून एक दालनं, लेण्याच्या धाटणीची. मोबाइलच्या उजेडात छिन्नीचे तिरपे घाव दिसतात. भिंतीला हात लावला की भर वैशाखातही दगड गार लागतो. पोरं आत शिरली की पहिला प्रश्न ठरलेला, खजिना कुठल्या खोलीत होता?

त्या खजिन्यात काय असेल याचा विचार करताना मला एक गोष्ट फार दिवस व्यापून राहिली आहे. १५४५ साली आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीच्या डोंगरात स्पॅनिश लोकांना चांदी सापडली. तिथल्या मूळ रहिवाशांना सक्तीने खाणीत उतरवून त्यांनी ती उपसली. त्या चांदीचे रियाल पडले. आठ रियालांचं एक नाणं सुमारे २७ ग्रॅमचं, त्या काळी जगभर चालणारं. ही चांदी सेव्हिलला उतरली, तिथून ॲमस्टरडॅमला, लंडनला गेली, आणि डच व इंग्रज कंपन्यांच्या जहाजांतून मसाले, नीळ, सुती कापड घ्यायला सुरतेच्या बंदरात आली. मोगलांच्या राज्यात परकं नाणं बाजारात चालत नसे. ते टांकसाळीत जायचं, वितळायचं आणि बादशाही रुपया होऊन बाहेर पडायचं. जानेवारी १६६४मध्ये महाराजांनी पहिल्यांदा सुरत लुटली, तेव्हा वीरजी व्होरासारख्या धनाढ्याच्या वाड्यातून बाहेर पडलेल्या रुपयांत पोतोसीची चांदी मिसळलेली होती, याबद्दल मला शंका नाही. त्या काळच्या सुरतेत येणाऱ्या चांदीचा मोठा हिस्सा अमेरिकेतूनच यायचा. आणि त्यातले काही रुपये घोड्याच्या पाठीवरून या डोंगरावर चढले असतील, तर ॲरिझोनातली माणसं जो स्पॅनिश खजिना धुंडाळत होती त्याची एक धार इथे मावळात येऊन पोचली होती. ती पुरून ठेवलेली नव्हती. तिच्यातून गड बांधले, सैन्याचा पगार झाला, घोडे आले.

असं परदेशी धन आपल्या घराघरांतही आहे, आणि ते उघड्यावर आहे. पुतळ्यांची माळ बघा. ती पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचं सोन्याचं नाणं. त्यावरच्या आकृती तिथल्या संताच्या आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेल्या राज्यप्रमुखाच्या. आपल्या बायकांनी त्या गळ्यात घातल्या, लेकीसुनांना दिल्या, अडीअडचणीला मोडल्या. सोनं हातोहात फिरतं. देवाचंसुद्धा फिरतं. लोणावळ्यापलीकडच्या कोरीगडावरच्या कोराईचे दागिने १८१८मध्ये गड पडल्यावर इंग्रजांनी नेले आणि मुंबईच्या मुंबादेवीला दिले, असं त्या भागात आजही सांगतात.

लोहगडाचा दुसरा खजिना नाना फडणीसांचा. पेशवाईच्या अखेरच्या धामधुमीत नानांनी किल्ला आपल्या विश्वासातल्या धोंडो बल्लाळ नित्सुऱ्यांच्या हवाली केला आणि आपली संपत्ती इथे हलवली. १८००मध्ये नाना गेले. त्यांच्या विधवा पत्नी जिऊबाई पुढे याच गडाच्या आसऱ्याला आल्या. बाहेर पेशवा, होळकर, शिंदे, इंग्रज यांची ओढाताण चाललेली, आणि वर एक तरुण विधवा, एक निष्ठावंत किल्लेदार आणि नानांचं धन. १८०४च्या सुमारास जनरल वेलस्लीने मध्ये पडून तोडगा काढला. किल्ला सोडायचा, जिऊबाईंनी पनवेलला राहायचं, वर्षाला बारा हजार रुपये नेमणूक. मार्च १८१८मध्ये कर्नल प्रॉथरने शेजारचा विसापूर घेतला आणि लोहगडही रिकामा झाला. नानांचं धन मात्र गडावरच कुठेतरी राहिलं ही बोलवा मागे उरली, आणि तिच्यापायी आजही खड्डे पडतात. मला लक्ष्मीकोठीच्या दारात जिऊबाई आठवतात. ज्या डोंगरात आपण मोहरा शोधतो तिथे एका बाईने, नवरा गेल्यावर, फक्त सुरक्षित राहण्यासाठी दिवस काढले.

नानांनी या गडावर काही कोरूनही ठेवलं. इथल्या पायऱ्यांच्या विहिरीवर शके १७११, म्हणजे १७८९ सालचा लेख आहे. बाळाजी जनार्दन फडणीस, म्हणजे नाना, यांनी धोंडो बल्लाळ नित्सुरे यांच्या हस्ते हे काम करवलं, असं त्यात आहे. आणि ज्याने प्रत्यक्ष काम केलं त्याचंही नाव आहे, ते बाजीचट असं वाचलं जातं. पुण्याचा सबंध कारभार हलवणारा मुत्सद्दी, त्याचा किल्लेदार आणि कारागीर, तिघं एकाच दगडावर. खजिन्याबद्दल नानांनी दगडावर अवाक्षर लिहिलं नाही. पाण्याबद्दल लिहिलं.

हे ध्यानात आल्यापासून मावळातला कोरीव दगड मी वेगळ्या नजरेने वाचते. कार्ल्याला जाऊन बघा. एकवीरेच्या देवळाला लागून असलेलं ते सव्वाशे फूट लांबीचं चैत्यगृह, छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून तशाच. ओसरीत लेख आहे की वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण केलं. सबंध जंबुद्वीपात असं दुसरं नाही, असंही तो अभिमानाने सांगतो. आत खांबाखांबावर नावं आहेत. धेनुकाकट गावचे यवन, म्हणजे ग्रीक वंशाचे किंवा तसे म्हणवणारे व्यापारी, प्रत्येकाने एकेक खांब दिला. दाराशी सिंहदत्त नावाच्या अत्तरवाल्याचं दान आहे. वेणुवासाचा मुलगा सामी याने दार घडवलं. तो सुतार होता. महादेवणक नावाच्या गृहस्थाच्या आईचंही दान आहे. मुंग्यांच्या रांगेसारखी ही अक्षरं खांबांवर चढत जातात, आणि यात्रेच्या दिवशी हजारो कोळी आणि आगरी भाविक त्यांच्या शेजारून नारळ घेऊन डोंगर चढतात.

याच चैत्यगृहाच्या भिंतीवर क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. वलूरकच्या, म्हणजे कार्ल्याच्या लेण्यांत पावसाळा काढणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी त्याने करजिक नावाचं गाव दिलं. पुढे सातवाहनांनी क्षत्रपांचा पाडाव केला, राज्य बदललं. आणि त्याच भिंतीवर सातवाहनांचा हुकूम आहे, मामाल भागाच्या अमात्याला उद्देशून, की करजिक गाव या भिक्षूंकडेच राहू द्यावं. हा मामाल म्हणजे आपला मावळ. विजेत्याने पराभूताचं दान मोडलं नाही आणि तसं दगडावर लिहून दिलं. सातबाऱ्यावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या चालणाऱ्या या तालुक्यात, जिथे आज गुंठ्याला सोन्याचा भाव आहे, तिथला जमिनीचा अगदी जुना कागद हा असा आहे. मला याहून मोठा ऐवज इथल्या मातीत सापडेल असं वाटत नाही.

कामशेतजवळ पाले नावाचं गाव आहे. तिथल्या डोंगरातल्या लेण्यात एक छोटा ब्राह्मी लेख मिळाला, ह. धी. सांकलिया आणि शोभना गोखले यांनी तो वाचून प्रसिद्ध केला. सुरुवातीला अरहंतांना नमस्कार, आणि मग एवढंच, की इंद्ररक्षित नावाच्या भदंताने सोबत्यांसह हे लेणं आणि पाण्याची पोढी, म्हणजे टाकं, करवली. महाराष्ट्रातल्या अगदी जुन्या जैन लेखांत त्याची गणना होते. अलीकडे लोहगडाच्या कड्यातल्या एका लेण्यातही जवळजवळ तसाच लेख मिळाला आहे, त्यातही इंद्ररक्षिताचंच नाव. नानांच्या विहिरीहून सुमारे अठराशे वर्षं आधी, त्याच डोंगरात, पुन्हा पाणीच.

जमिनीखालून धन कधी निघतच नाही असं नाही. नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी इथे १९०६ साली चांदीची तेरा हजारांहून जास्त नाणी मिळाली. सगळी नहपानाची, आणि त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. नहपानाचा पराभव कोणी केला याचा असा बोलका पुरावा दुसरा नाही. कार्ल्याच्या भिंतीवर गाव एका राज्याकडून दुसऱ्या राज्याकडे जातं, तेच जोगलटेंभीच्या नाण्यांवर चांदीत घडताना दिसतं. तो हंडा रात्री कुणी उकरून सोनाराकडे वितळवला असता तर त्याची नुसती चांदी झाली असती आणि हा पुरावा कायमचा गेला असता. अशा धनासाठीच १८७८चा निखात निधी कायदा आहे, तो सांगतो की दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवा.

आणि काही गोष्टी चांदी वितळण्याहून भयंकर आहेत. लोहगडाच्या गणेश दरवाजाखाली साबळे घराण्यातला थोरला मुलगा आणि सून पुरली आणि त्याबदल्यात लोहगडवाडीची पाटीलकी मिळाली, अशी जुनी कथा आहे. ती कथा म्हणून ऐकावी. पण परभणी जिल्ह्यातल्या मानवतला १९७२ ते १९७४ या काळात मुली आणि बायका मारल्या गेल्या, त्यामागे गुप्तधनाची आस होती, आणि ती कथा नव्हती. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी अनेक वर्षं रान उठवलं, तो त्यांच्या खुनानंतर, २०१३च्या डिसेंबरमध्ये झाला. गुप्तधनाच्या शोधासाठी अमानुष कृत्यं करणं हा त्यात गुन्हा आहे. लिंबू-गुलालाचा खड्डा दिसला की मला आधी त्या मुली आठवतात.

जुलै २०२५मध्ये लोहगड इतर अकरा किल्ल्यांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेला. मोठी गोष्ट झाली. पाट्या लागतील, गर्दी वाढेल. पण मावळातल्या वाडीवस्तीवरचे शेकडो वीरगळ, सतीशिळा, मारुतीच्या पारावर चुन्याने माखलेले लेख, ओढ्यात पालथा पडलेला एखादा गधेगाळ, हे कुठल्याच यादीत नाहीत. रस्ता रुंद होताना, फार्महाउसचं कुंपण पडताना ते जेसीबीच्या तोंडी जातात, तेव्हा तर खजिन्याचीही आस नसते. प्रत्येक ग्रामपंचायतीने एक वही घालावी. आपल्या शिवारात कुठला कोरीव दगड कुठे उभा आहे, त्यावर काय काय कोरलं आहे, अक्षर असेल तर त्याचा नीट उजेडातला फोटो, दगड कुणाच्या बांधावर आहे त्याचं नाव. शाळेतली पोरं हे काम दोन सुट्ट्यांत करतील. दगड हलवायचा नाही, शेंदूर खरवडायचा नाही, अक्षरात खडू भरायचा नाही. वहीची एक प्रत पुरातत्त्व खात्याला द्यायची आणि दुसरी पंचायतीच्या कपाटात, जमिनीच्या कागदांशेजारी ठेवायची.